साठ मुलांची तुकडी घ्यावी का?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

मी खटाव तालुक्यातील निवृत्त शिक्षिका आहे. आमचा छोटा सार्वजनिक न्यास गावात वाचनालय आणि स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका चालवतो. परीक्षांमध्ये वर्षे घालवून निराश झालेली मुले पाहून आम्ही गेल्या वर्षी एका कंपनीच्या सामाजिक निधीतून ‘सामाजिक उद्योजकता’ हे तीन महिन्यांचे प्रशिक्षण घेतले. पंचवीस मुलेमुली होती. शेवटी सादरीकरणाची स्पर्धा झाली आणि तिघांना प्रत्येकी ५० हजारांचे बक्षीस मिळाले. आज त्यातला एकच उद्योग कसाबसा चालू आहे. ज्वारीची बिस्किटे करणाऱ्या मुलीचे काम बंद पडले असून तिच्या डोक्यावर पतसंस्थेचे कर्ज आहे. तिचा जमाखर्च सोबत जोडत आहे. कंपनी मात्र खूश आहे आणि यंदा १२ लाख रुपये देऊन साठ मुलांची तुकडी घ्या म्हणते. आमचे कुठे चुकले? साठ मुले घ्यावीत का? नोंदणी न्यासाची करावी की कंपनीची? शिवाय एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करणारा आमचा एक विद्यार्थी नोकरी सोडून गावातल्या एकट्या वृद्धांसाठी सेवा सुरू करू इच्छितो. त्याला काय सांगू?

उत्तर

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

साठ मुले घेऊ नका. आठ घ्या, आणि त्यांच्यासोबत दोन वर्षे राहा. कंपनीला हे कसे पटवायचे त्याकडे मी पुढे येतो, कारण तेही आपल्याला करावेच लागेल. आधी बिस्किटांच्या जमाखर्चाचे पान पाहू. आपल्या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या एका पानातच आहे.

दोनशे ग्रॅमचा पुडा ६० रुपयांना. कच्चा माल २८, पुड्याचे वेष्टन ६, वीज ४ आणि दुकानदाराचे कमिशन १२ रुपये. खर्च ५० झाला म्हणून त्या मुलीने पुड्यामागे १० रुपये नफा दाखवला आहे आणि परीक्षकांनी तो मान्यही केलेला दिसतो. मात्र या हिशेबात मजुरीचा रकानाच नाही. गावातल्या दोन बायका ‘सेवाभावाने’ येत होत्या, असे शेजारी लिहिले आहे. त्या दिवसाला चाळीस पुडे करत. शेतावर मिळणारी साडेतीनशे रुपयांची मजुरी धरली, तर दोघींचे ७०० रुपये, म्हणजे पुड्यामागे साडेसतरा रुपये होतात. अर्थात प्रत्येक पुडा साडेसात रुपये तोट्यात विकला जात होता आणि तो तोटा त्या दोन बायका निमूटपणे भरत होत्या. ज्वारीची काढणी सुरू होताच त्या रानात गेल्या, यात त्यांना दोष कसा द्यावा? गरीब बायकांना रोजगार देणे हा ज्या उद्योगाचा सामाजिक हेतू, तोच उद्योग त्यांच्या फुकट श्रमावर उभा होता, आणि तीन महिन्यांच्या वर्गात कोणीही त्यावर बोट ठेवले नाही. मला ही गोष्ट कर्जापेक्षाही गंभीर वाटते.

दुसरी गोष्ट उधारीची. महिन्याला सुमारे हजार पुडे दुकानांत जात होते आणि दुकानदार पंचेचाळीस दिवसांनी पैसे देत होते. कमिशन वजा जाता पुड्याचे ४८ रुपये धरले, तरी ७२ हजार रुपये कायम दुसऱ्यांच्या गल्ल्यात अडकलेले राहणार. बक्षिसाचे ५० हजार तर भट्टी आणि वेष्टनाच्या यंत्रात आधीच गेले होते, त्यामुळे खेळत्या भांडवलासाठी पतसंस्थेची पायरी चढावी लागली. कर्ज ८० हजारांचे आहे, हा काही योगायोग नाही. हाच माल पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, वडूजच्या आठवडे बाजारात किंवा शाळांच्या दारात रोखीने विकला असता, तर कमिशनचे १२ रुपये वाचून मजुरी दिल्यावरही पुड्यामागे साडेचार रुपये हाती उरले असते. ही रक्कम मोठी नाही, पण तेवढ्यावर उद्योग तग धरून राहिला असता. दुकानांच्या फळीवर माल दिसला म्हणजे धंदा वाढला, अशी समजूत नवख्यांत फार असते. ती वर्गातल्या व्याख्यानाने जात नाही, चार बाजार केल्यावर जाते.

म्हणून आपले चुकले कुठे, तर क्रमात. आपण आधी शिकवले, मग बक्षीस दिले आणि विक्री त्या मुलांवर सोडून दिली. विक्री आधी हवी होती. सादरीकरणाच्या स्पर्धेत चांगले बोलणारा जिंकतो. पुण्याहून आलेल्या परीक्षकांसमोर मुलांना इंग्रजी स्लाइड करायला लावल्याचे आपण लिहिले आहे. ज्यांचे सगळे गिऱ्हाईक मराठी बोलणारे आहे, त्यांच्यासाठी हा खटाटोप कशाला, हे मला खरोखर कळले नाही.

ज्या संस्था टिकल्या, त्यांचा क्रम पाहा. आपल्या शेजारच्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ मध्ये उभी राहिली. तिची उद्योगशाळा त्यानंतर नऊ वर्षांनी, २००६ मध्ये आली. तोपर्यंत बायका कशासाठी कर्ज घेतात, कुठे अडकतात आणि त्यांना नेमके काय शिकून हवे आहे, हे बँकेच्या रोजच्या व्यवहारातून समोर आलेले होते. घर आणि रान सोडून बाईला वर्गात येता येत नाही, हे दिसल्यावर त्यांनी वर्गच बसगाडीत बसवून गावोगाव नेला. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ मध्ये महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. तिच्यामागे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचे १९९३ पासूनचे संघटन होते. कचरा वेगळा करण्याचे कौशल्य त्या बायकांपाशी पूर्वीपासूनच होते. नवीन काय आले, तर दरमहा शुल्क देणारे घर, महापालिकेची मान्यता आणि ओळखपत्र. मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी १९५९ मध्ये ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. देणगी घ्यायची नाही हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते, आणि लाटणाऱ्या बाईची मजुरी हा लिज्जतच्या पापडाच्या किमतीचाच भाग राहिला. आपल्या बिस्किटांच्या पानावर नेमका हाच रकाना कोरा आहे.

आता पुढच्या तुकडीविषयी. प्रवेशअर्ज आणि मुलाखतीऐवजी एकच अट ठेवा. इच्छुकाने लागोपाठच्या चार आठवडी बाजारांत काहीतरी विकून किंवा एखादी सेवा पैसे घेऊन देऊन दाखवावे आणि त्याचा रोजकीर्दीसारखा हिशेब आणावा. भाजी विकली तरी चालेल, सायकली दुरुस्त केल्या तरी चालेल, कोणाचे ऑनलाइन अर्ज भरून दिले तरी चालेल. किती पैसे मिळाले याला महत्त्व देऊ नका. तोटा झाला असेल आणि तो का झाला हे मुलगी नीट सांगू शकत असेल, तर तिला आधी घ्या. साठ जणांतून या अटीनंतर पंधरावीस उरतील आणि त्यातून आठ निवडणे आपल्याला जड जाणार नाही.

जे गळतील त्यांना नापास समजू नका, आणि तसे त्यांना वाटूही देऊ नका. समाजासाठी काही करण्याची आच असणे आणि धंदा उभा करण्याचा पिंड असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. डॉ. अभय व राणी बंग यांनी समाजकार्याकडे वळू पाहणाऱ्या तरुणांसाठी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘निर्माण’ शिबिरांतून आलेली कितीतरी तरुण मंडळी स्वतःची संस्था न काढता दुसऱ्यांच्या कामात रुजली आहेत. आठ उद्योगांना हिशेबनीस लागेल, माल पोहोचवणारा लागेल. अभ्यासिकेत चार वर्षे काढलेल्या मुलाला सरकारी अर्ज, परिपत्रके आणि योजनांची भाषा सहज कळते, हे कौशल्य बाजारात दुर्मिळ आहे. त्याला संस्थापक होण्याचा आग्रह करू नका.

तांत्रिक प्रशिक्षण स्वतः देण्याच्या भानगडीत पडू नका. शिवणकाम, कुक्कुटपालन, अन्नप्रक्रिया, मोबाईल दुरुस्ती यांसाठी जिल्ह्यात बँकेने चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. तिथे राहणे, जेवण आणि शिक्षण विनामूल्य असते. कर्नाटकात उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगावरून ही पद्धत देशभर गेली. प्रशिक्षण काही दिवसांचे असते, पाठपुरावा मात्र दोन वर्षांचा करायचा, असे तिचे सूत्र आहे. अवजारे, जोडारी, शेती आणि वीज यांत हात घालू पाहणाऱ्या मुलाला पाबळच्या विज्ञान आश्रमात वर्षभर पाठवता येईल. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये उभारलेल्या या संस्थेत मुले प्रत्यक्ष काम करत शिकतात, आणि बनवलेली वस्तू गावाच्या उपयोगी पडली पाहिजे हा तिथला दंडक आहे. आपल्या न्यासाने ते करावे जे या संस्थांना जमत नाही. आठवड्यातून एकदा मुलाच्या कामाच्या जागी जाऊन वही उघडून बसावे, अडलेली वसुली सोडवून द्यावी, अंगणवाडी सेविकेशी किंवा बाजार समितीतल्या आडत्याशी गाठ घालून द्यावी. यासाठी एक पूर्णवेळ कार्यकर्ता लागेल. तो व्याख्याता नसावा. एखाद्या बँकेतून किंवा सोसायटीतून निवृत्त झालेला, गावोगाव फिरण्याची सवय असलेला माणूस उत्तम.

प्रत्येक मुलामागे एक अनुभवी व्यावसायिक मार्गदर्शक म्हणून द्या. भारतीय युवा शक्ती ट्रस्ट १९९२ पासून कर्जाच्या जोडीला असा मार्गदर्शक देत आली आहे आणि मला त्यांच्या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या तालुक्यात अशा माणसांची वाण नाही. सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे सोनेचांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, खटाव-माणमधून बाहेर पडून परमुलुखात, परक्या भाषेत दुकान थाटलेले लोक यात्रेला आणि लग्नसराईला गावी येतात. धंद्यातली पत कशी जपावी, हे त्यांच्यापेक्षा चांगले कोण सांगणार? त्यांच्याकडून देणगी मागण्याआधी महिन्यातून एक फोन मागा.

आता पैशांचे. १२ लाखांत साठ मुले म्हणजे माणशी २० हजार. एवढ्यात व्याख्याने, चहा-जेवण, प्रमाणपत्र आणि समारोप एवढेच बसते. तीच रक्कम आठ जणांवर अशी लावता येईल. पहिले वर्षभर प्रत्येकाला दरमहा ६ हजारांचे विद्यावेतन, म्हणजे ५ लाख ७६ हजार. कार्यकर्त्याला दरमहा २० हजारांप्रमाणे दोन वर्षांचे ४ लाख ८० हजार. उरलेले १ लाख ४४ हजार सामायिक अवजारे आणि कच्चा माल यांसाठी. विद्यावेतनाला कंपनी नाके मुरडेल, कारण ‘फुकट पैसे’ हा शब्द सगळ्यांना टोचतो. पण ते नसेल, तर ज्याच्या घरी बागायत किंवा दुकान आहे तोच मुलगा वर्षभर धंद्याची चाचपणी करू शकेल. भूमिहीन घरातली मुलगी दुसऱ्या महिन्यात पुन्हा रोजंदारीवर जाईल. जोखीम कोणी पेलायची, हा या सगळ्यातला मूळ प्रश्न आहे. गेल्या वर्षी ती सगळी त्या बिस्किटवाल्या मुलीवर आणि तिच्या जामीनदारावर पडली. न्यासाने आणि कंपनीने त्या जोखमीचा वाटा उचलायला हवा होता. अवजारे न्यासाच्या नावावर ठेवून वापरायला द्या, म्हणजे उद्योग बंद पडला तरी मुलीच्या अंगावर काही येणार नाही आणि ती दुसऱ्याच्या उपयोगी पडतील. रोख कर्ज वाटण्याचा विचार असेल, तर न्यासाच्या घटनेत ते बसते का, हे सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

सरकारी कर्ज-अनुदानाची घाई नको. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिला, मागासवर्गीय इत्यादींसाठी ३५ टक्के अनुदानाची तरतूद असते, पण ती रक्कम उद्योजकाच्या हाती पडत नाही. ती बँकेत तीन वर्षे मुदत ठेवीत राहते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळती होते. दरम्यान हप्ते भरावेच लागतात. हे न समजल्यामुळे अनुदानाचा आकडा पाहून प्रकल्पच फुगवणारी मुले पुढे थकबाकीदार होतात. ज्या मुलाच्या वहीत सहा महिन्यांची विक्री आहे, त्याने जरूर अर्ज करावा. अन्नप्रक्रियेतल्या मुलांसाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची २०२० मध्ये आलेली केंद्राची योजनाही आहे.

नोंदणीचा प्रश्न आपण फार मनावर घेतला आहे. आपल्याकडे ‘सामाजिक उद्योग’ असा वेगळा कायदेशीर प्रकार नाही. त्यामुळे कोणी न्यास नोंदवतो, कोणी नफा वाटून न घेणारी, कंपनी कायद्याच्या कलम ८ ची कंपनी, कोणी सहकारी संस्था, तर शेतकरी मिळून उत्पादक कंपनी काढतात. पहिल्या वर्षी यांतले काहीच नको. एकट्याची मालकी आणि छोट्या उद्योगांसाठीची, विनाशुल्क होणारी ‘उद्यम’ ही सरकारी नोंदणी पुरे, खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. एकट्याचे काम अनेकांचे झाले आणि नफ्याचे काय करायचे यावर पहिले भांडण होण्याची चिन्हे दिसू लागली, की मग वकील गाठा.

एमआयडीसीत काम करणाऱ्या विद्यार्थ्याची कल्पना मला आपल्या पत्रात सर्वांत आवडली. त्याने नोकरी मात्र आज सोडू नये. त्याच्या कल्पनेतला बारकावा असा की सेवा मिळणार गावातल्या आईवडिलांना आणि पैसे देणार तो पुण्या-मुंबईतला किंवा केरळातल्या गलाईच्या दुकानातला मुलगा. ज्याचे भले करायचे त्याच्याकडून पैसे मिळतील, अशी आशा धरल्याने पुष्कळ चांगली कामे बंद पडतात, इथे पैसे देणारा निराळा आहे आणि तो सापडण्यासारखा आहे. त्याने साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पाच घरांपासून सुरुवात करावी. औषधे आणून देणे, दवाखान्यात सोबत जाणे, बँकेत हयातीचा दाखला देऊन येणे, वीजबिल भरणे, एवढेच काम. दर महिन्याला किती रुपये, हे पहिल्याच भेटीत मुलाशी बोलून ठरवावे आणि पैसे आगाऊ घ्यावेत. ‘आधी करून दाखवतो, मग द्या’ म्हटले, की पुढे मागताना जीभ उचलत नाही, विशेषतः गावकीत आणि भावकीत. त्याने इंजेक्शन देणे, गोळ्या बदलणे असले काहीही करू नये, गावातल्या डॉक्टरांशी बोलून मर्यादा कागदावर आणावी. वृद्धेच्या घरी सोबत जायला एखादी मुलगी जोडीला लागेल, तिचे मानधनही दरात धरावे. सलग सहा महिने घरखर्चाइतके पैसे सुटले आणि घरात पूर्वीचे कर्ज नसेल, तर राजीनाम्याचा विचार करावा. हे त्याला सांगताना त्याच्या आईलाही समोर बसवा. पगार बंद झाल्यावर घर तिलाच चालवायचे आहे.

कंपनीच्या अधिकाऱ्यांना साठ हा आकडा हवा आहे, कारण त्यांच्या अहवालात लाभार्थींचा रकाना असतो. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना दुसरे आकडे द्या. किती उद्योगांची बारा महिने विक्री झाली, मालकाखेरीज इतरांना किती दिवसांची मजुरी मिळाली, कोणाचे कर्ज थकले नाही, हे दर तिमाहीला लेखी देण्याची तयारी दाखवा. साठ जणांचा आग्रह राहिलाच, तर चार बाजारांच्या चाचणीत साठ जणांना सामावून घ्या आणि आकडा खरेपणाने लिहा. सामाजिक दायित्वाच्या नियमांत एका आर्थिक वर्षापलीकडे चालणाऱ्या प्रकल्पाची सोय आहे आणि सुरुवातीचे वर्ष सोडून तो तीन वर्षांपर्यंत चालू शकतो, हे त्यांच्या लेखाधिकाऱ्यांना ठाऊक असते. आपण मागितले नाही, तर ते स्वतःहून सुचवत नाहीत. एवढे करूनही साठच हवेत असे उत्तर आले, तर नम्रपणे नकार कळवावा. न्यासाचे वाचनालय त्या निधीवर चालत नाही, ही आपली जमेची बाजू आहे.

पुढची तुकडी काढण्यापूर्वी बिस्किटवाल्या मुलीचे प्रकरण मार्गी लावा. तिच्या भट्टीवर आज धूळ बसली असेल, पण दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस घरोघरच्या बायका रवा, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजून घ्यायला बेकऱ्यांपुढे रांगा लावतात. तिने स्वतःचा माल न करता केवळ किलोमागे भाजणावळ घ्यायची ठरवली, तर उधारीचा प्रश्नच येत नाही. वेष्टनाचे यंत्र न्यासाने विकत घेऊन पुढच्या तुकडीसाठी ठेवावे. पतसंस्थेत जाताना तिला एकटीला पाठवू नका. आपण आणि न्यासाचे एक विश्वस्त सोबत जा, दुकानदारांकडून येणे असलेल्या रकमेची यादी बरोबर न्या आणि दंडव्याज माफ करून हप्त्यांची मुदत वाढवून देण्याचा लेखी अर्ज द्या. त्या यादीतल्या दुकानदारांत आपले जुने विद्यार्थी असतीलच. त्यांच्याकडे वसुलीसाठी बाईंनी स्वतः जाणे आणि त्या मुलीने जाणे, यांत बराच फरक पडेल.